धक्क्यावरचा गाळा

गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरांनी माझा जिना बंद केला, मांडी घालून बसणं बंद केलं आणि शेजारीपाजारी हिंडणं तर पारच बंद. राहिलं फक्त तोंड. पण तोंड चालवायचं तर समोर कान लागतात, आणि आमच्या घरात त्याचीच वानवा. मुलगा उरवड्याच्या कारखान्यात. येतो तो दमून, जेवतो आणि फोनमध्ये मान घालतो. सून गुणाची आहे, खोटं कशाला बोलू, पण माझं वाक्य अर्ध्यात आलं की नेमका तिचा कुकर शिट्टी देतो.

वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यासाठी खोल्या काढल्यात. आमच्या रस्त्याला सगळ्यांनीच काढल्यात म्हणा. जिथं भात झोडपायचो तिथं आता भाडेकरूंच्या दुचाक्या लागतात. आमच्याकडं जो राहतो तो विदर्भाकडचा, तिशी ओलांडलेला, हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत नोकरीला. निम्मे दिवस काम घरूनच. त्याचा डबा आमच्याकडून जातो. डबा घ्यायला खाली उतरला की मी त्याला धरायची. आईची तब्येत कशी, लग्नाचं कुठं अडलंय, वांग्याची भाजी खातोस का कुत्र्याला घालतोस, सगळं विचारून व्हायचं. तो बिचारा डबा हातात धरून एका पायावर उभा.

एकदा वैतागून म्हणाला, "आजी, तुम्ही दिवसभर बोलून राहिल्या ना, तर माझ्या गेममध्येच या. तिथं सगळे बोलतच असतात."

"पत्ते हायेत का?"

"पत्ते नाही हो. पूर्ण जग आहे. समुद्र आहे, बंदरं आहेत, बाजार आहे."

"मग त्या बाजारात मी काय करू?"

"काहीही. शेती करा."

मी इतकी हसले की गुडघ्याचे टाके दुखले. पण दुसऱ्या दिवशी त्यानं जुना लॅपटॉप आणि कानाला लावायचं यंत्र आणून दिलं, आणि खाटेवर उशा रचून मी त्या जगात उतरले.

आता तुम्हाला ते जग कसं चालतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या गेममध्ये हजारो माणसं एका वेळेला असतात, आणि तिथं कंपनीचं दुकान असं एकही नाही. जे काही विकायला आहे ते कुणातरी खेळणाऱ्यानंच बनवलेलं. कुणाच्या कमरेला तलवार असली तर तिचं लोखंड एकानं खणलेलं असतं, कोळसा दुसऱ्यानं पाडलेला असतो आणि पातं तिसऱ्यानं ठोकलेलं असतं. प्रत्येक बंदरात बाजाराची पाटी असते. माल लावायचा, भाव आपण सांगायचा. पलीकडच्यानं आपल्यापेक्षा थोडा कमी सांगितला की गिऱ्हाईक त्याच्याकडं. एका बंदरात लाकूड मातीमोल, तेच दुसऱ्या बंदरात महाग, कारण मधल्या समुद्रात लुटारू बसलेले. ते लुटारूसुद्धा खेळणारेच. त्यांचा तोच धंदा.

मी आल्या आल्या विचारलं होतं, "पण सगळ्यांकडं सगळं झालं की मग कोन घील?"

तो म्हणाला, "म्हणून तर जहाजं बुडतात, आजी."

हे मला फार उशिरा नीट समजलं. तिथं कुणाचं तरी बुडाल्याशिवाय कुणाचा माल खपत नाही. रोज कुठं ना कुठं जहाज लुटलं जातं, फुटतं, त्यावर जीव टाकलेला माणूस तळाला जातो, आणि पुन्हा जिवंत होऊन तो पहिलं काय करतो? बाजारात येऊन फळ्या, खिळे आणि दोर विकत घेतो. बाजार त्याची वाटच बघत असतो.

मी दोराचा धंदा धरला. तिथं एक झाड आहे, त्याचं त्यांचं नाव इंग्रजीत आहे. मी त्याला अंबाडीच म्हणते. कापायची, पाण्यात भिजत घालायची, साल सोलायची, मग वळायची. जवान पोरांना त्याचा कंटाळा. एकच एक करत बसावं लागतं ना. मला काय, खाटेवर दुसरं काय होतं? बोटानं बटण दाबत राहायचं आणि गप्पा मारत राहायचं. थोड्या दिवसांत बंदरात मला दोरवाली आजी म्हणायला लागले. कुणी नाशिकचा, कुणी सांगलीचा, कुणी हिंदी बोलणारा, "आजी, दोर आहे का?" करत यायचे. मी आधी ख्यालीखुशाली विचारायची, मग दोर द्यायची. सून दारातून बघायची आणि म्हणायची, "आत्या, भाताच्या आवणीला कवा एवढ्या जोरात हात चालला न्हाई तुमचा."

"तू बघितली का माजी आवणी? तू आली तवा खाचरं विकून झालती."

"व्हय, आन आता हवेत लावताय."

अशी आमची सून.

वरचा भाडेकरू तिथल्या एका टोळीचा मुख्य होता. त्यांच्या ऑफिसातले आठ-दहा जण, सगळे नोकरदार, सगळे गावाकडून आलेले. ते गिल्ड म्हणायचे, मी टोळी म्हणायची. टोळीचं एक सामाईक कोठार. ज्यानं त्यानं आपला माल त्यात टाकायचा आणि एकमेकांची जहाजं मिळून बांधायची. किल्ली मुख्याकडं. त्यानं मला टोळीत घेतलं आणि समजावून सांगायला लागला. मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, "मला नको शिकवू. ही इर्जिक हाय."

त्याला इर्जिक माहीत नव्हती. मी सांगितलं. आमच्याकडं भाताच्या लावणीला आज एकाचं खाचर, उद्या दुसऱ्याचं. सगळ्यांनी मिळून जायचं. मजुरी नाही. ज्याचं खाचर त्यानं त्या दिवशी जेवण घालायचं, एवढंच. कुणी कुणाकडं किती वाकलं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. आणि माझी पाळी कधी, हे तोंडानं विचारायचं तर मुळीच नाही. विचारणाऱ्याची किंमत जाते. आपण राबायचं, गप्प राहायचं, पाळी आली की लोक आपसूक बांधावर येऊन उभे राहतात. मी माल्याहून लग्न होऊन इथं आले त्या वर्षी सासूनं मला हीच एक गोष्ट बजावली होती.

त्याला फार आवडलं ते. कानावरच्या यंत्रातून सगळ्या टोळीला म्हणाला, "ऐका रे, आजपासून आपली इर्जिक." सगळे ओरडले, "इर्जिक! इर्जिक!"

मग मी माझा सगळा दोर कोठारात टाकायला लागले. बाजारात लावणं बंद. एकेकाचं जहाज झालं. प्रत्येक जहाजाच्या शिडाला माझा दोर. कुणी आभार मानले, कुणी नाही. इर्जिकीत आभार नसतातच.

याच सुमारास बंदरातली एक दोरवाली बाई एकदा माझ्यापाशी येऊन उभी राहिली. माझ्या आधीपासूनची होती ती. पडद्यावरच्या चित्रात तिनं हिरवा फेटा घातलेला असायचा, आवाज मात्र घरातल्या बाईचा, मागं नळाचं पाणी पडताना ऐकू यायचं. म्हणाली, "ताई, एवढ्या खाली भाव का पाडलात? अंबाडी घ्यायला जेवढं लागतं तेवढंही निघेना झालंय."

"मी कुटं पाडला? मी तर विकतच न्हाई."

"तुमच्या टोळीच्या नावानं रोज ढीग लागतोय पाटीवर. फुकट आल्यासारखा."

फुकटच होता ना तो. पण मला तेव्हा तेवढंच कळलं की बाईला माझा हेवा वाटतो. आठ-पंधरा दिवसांत ती दिसेनाशी झाली. तिच्यामागं दुसरा एक दोरवाला होता, तोही गेला. पाटीवर दोर उरला तो आमच्या टोळीचा. मग एका सकाळी भाव चढला तो चढतच गेला. टोळीत आनंदीआनंद. कुणीतरी म्हणालं, "आजी, तुम्ही आपल्या तेलाच्या विहिरी आहात." मी म्हटलं, "जीव घे मेल्या माझा." सगळे हसले, मीही हसले.

आलेल्या पैशातून मुख्यानं बंदराभोवतीचे अंबाडीचे सगळे पट्टे टोळीच्या नावावर घेतले. माझ्यासाठीच घेतले असं मी समजून चालले.

मग धक्क्याची बातमी आली. बंदराला नवा धक्का व्हायचा होता आणि त्यावर गाळे. खेळणाऱ्यांनीच बांधायचे. जागा निवडायची, लाकूड, दगड, दोर आणून टाकायचा, धक्का उघडायच्या आत गाळा उभा करायचा. आणि त्यावर पाटी लागणार, ज्याचा गाळा त्याच्या नावाची. ती पाटी मग हलणार नाही. जहाजातून उतरणारा प्रत्येक माणूस ती वाचणार.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला पाटीचं एवढं काय? सांगते. आमची जमीन सासऱ्यांच्या नावावर होती, मग मालकांच्या, मग मुलाच्या. माहेरची होती तिच्यावरचा हक्क भावांनी सोडवून घेतला. सही घेतली, साडी नेसवली, जेवू घालून परत पाठवलं. दारावरची पाटी मुलाची. लाईटबिल अजून मालकांच्या नावानं येतं. त्यांना जाऊन किती वर्षं झाली, पण मेलेल्या माणसाच्या नावानं येतं, माझ्या नावानं येत नाही. तर मला तो गाळा हवा होता. खोटा का होईना. दोरवाली आजी असं लिहिलेला.

मी कोपऱ्यावरची जागा धरली, जिथं जहाजाची फळी टेकते तिथंच. मुख्याला सांगितलं. तो म्हणाला, "बिनधास्त, आजी. तुमचा नंबर लावून ठेवतो."

बस. एवढं ऐकलं आणि मी पुन्हा विचारलं नाही. विचारायचं नसतं ना.

मी वाट बघत राहिले. टोळी येईल, एका दुपारी सगळे मिळून दगड टाकतील, लाकूड टाकतील, गाळा उभा राहील. कुणी आलं नाही. मी मनाशी म्हटलं, पोरांना ऑफिसचं काम असेल. मग एकटीच लाकूड तोडायला लागले. माझ्या चित्रातल्या बाईच्या हातात साधी कुऱ्हाड. एकेक ओंडका जागेवर नेऊन टाकायचा, परत जायचं. जेवणाचं ताट खाटेवर गार व्हायचं. सून म्हणाली, "अवो, खरा पाय तरी हलवा जरा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आन ह्या बसल्यात लाकडं वाहत."

गाळा हळूहळू वर आला. भिंती झाल्या. दोर माझा मीच बांधला. छपराच्या फळ्या तेवढ्या कमी पडत होत्या.

धक्का उघडायचा होता तो रविवार. आदल्या दिवशी मुख्य खाली डबा घ्यायला आला आणि म्हणाला, "आजी, उद्या सगळे माझ्या खोलीवर येऊन राहिले. इथूनच खेळणार. तुमचा गाळा उद्या पूर्ण करून टाकू."

मला काय झालं म्हणून सांगू. पाळी आली माझी! मी सुनेला हाताशी धरलं. इर्जिकीला जेवण मालकिणीनं घालायचं असतं, ते काही चुकवून चालायचं नाही. मटण आणायला लावलं, वाटण पाट्यावरचं नाही पण मिक्सरला तरी माझ्या डोळ्यांदेखत करून घेतलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. सून तव्यापाशी घामाघूम. म्हणाली, "कुणाचं लगीन हाय?"

"माज्या गाळ्याचं जेवान हाय."

"ह्या भाकऱ्या तरी खऱ्या हायेत न्हवं? का त्याबी लॅपटॉपमदीच थापायच्या हुत्या?"

पोरं आली, आठ-दहा जोडे जिन्यापाशी पडले. पातेली वर गेली. मला जिना नाही, म्हणून मी खाली खाटेवर, कानाला यंत्र लावून. आमची स्लॅब काही फार जाड नाही. तर मजा अशी की वर कुणी हसलं की आधी ते छतातून ऐकू यायचं आणि क्षणभरानं तेच हसू कानात. रश्श्याची तारीफ मी दोनदोनदा ऐकली.

मग ते सगळे धक्क्यावर आले. चित्रातली माणसं हो. कुणी चिलखत घातलेलं, कुणाच्या खांद्यावर पोपट. माझ्या गाळ्यासमोर ओळीनं उभे राहिले आणि मला खरोखर बांध आठवला. मी म्हटलं, "या रे पोरांनो, जेवला का पोटभर?"

"हो आजी, एक नंबर!"

मुख्यानं फळ्या आणल्या होत्या. एकेक छपराला बसवायला लागला. मी बघत होते, बोलत होते; हे असं कर, तिकडून धर. मला कुणी सांगितलं नव्हतं की ज्याच्या हातानं शेवटची फळी बसते, गाळा त्याचा होतो. सगळ्यांना माहीत होतं. एवढी साधी गोष्ट आहे म्हणे ती, त्या जगात येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळते. पण मी पहिल्या आठवड्यापासून दोरच वळत बसले होते.

शेवटची फळी बसली. पाटी आली. पाटीवर त्याचं नाव.

इंग्रजी मला अक्षर अक्षर जुळवून वाचता येतं. मी दोनदा जुळवलं. मग म्हटलं, "आरं, चुकलं वाटतं. हे तुजं नाव पडलं."

कुणीतरी खाकरलं. मुख्य म्हणाला, "आजी, गिल्डच्या दृष्टीनं तेच बरोबर आहे. एवढा मोक्याचा कोपरा आहे. गिल्डला द्यायचा की एका माणसाला?"

"पण पाळी माजी हुती."

"पाळी बिळी ठीक आहे हो, पण हिशोबानं बघा ना. तुम्ही आतापर्यंत जेवढा दोर टाकला, त्याची त्या वेळच्या बाजारात किंमत काय होती? काहीच नाही. दोर मातीमोल होता तेव्हा."

"त्यो तुमीच पाडला की! माजाच दोर लावून पाडला!"

"तेच म्हणून राहिलो. किंमत नसलेल्या मालावर गाळा कसा मिळेल?"

मी बोलायला सुरुवात केली. आणि मी बोलायला लागले की तुम्हाला माहीत आहे. फेटेवाल्या बाईपासून सुरुवात केली, अंबाडीचे पट्टे काढले, प्रत्येकाचं जहाज काढलं, कुणाच्या शिडाला किती दोर लागला ते काढलं. म्हटलं, आमच्या गावात असं कुणी केलं असतं तर त्याच्या बांधावर पुन्हा कुणी पाऊल टाकलं नसतं, त्याचा भात उभा वाळला असता. माझ्याच आवाजापुढं छतातलं काही ऐकू येत नव्हतं, आणि कानातही कुणी मध्ये बोललं नाही. मला वाटलं, ऐकतायत. लाज वाटत असेल, म्हणून गप्प आहेत. मला जोर चढला. मी त्यांच्या आयांना काढलं, संस्कारांना काढलं.

सून भांडी घेऊन आत आली होती. माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, "आत्या, कुणासंगं बोलताय?"

"ह्यांच्यासंगं."

"त्यांनी आवाज बंद केलाय तुमचा, आन त्यांचाबी. हितं लाल रेघ हाय बघा. तुमचं कुणाला ऐकूच जात न्हाई."

"कवापास्नं?"

"मला काय ठावं? मी भांडी आणायला वर गेले तवाच हसत हुती समदी."

मी यंत्र कानावरून काढलं. मग छतातून ऐकू आलं. एकजण माझ्या आवाजात, माझ्यासारखं हेल काढून म्हणत होता, "या रे पोरांनो, जेवला का पोटभर?" आणि वर हसू फुटलं. मग दुसऱ्यानं केलं. त्याला माझं "मेल्या" छान जमलं होतं. कुणीतरी ताटात हाड टाकल्याचाही आवाज आला.

सून तिथंच उभी. मला वाटलं, आता ही माझ्या बाजूनं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "मटन उरलं न्हाई. आपल्याला पिठलं टाकते."

दुसऱ्या दिवशी तो डबा घ्यायला खाली आला. चेहरा नेहमीसारखाच. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं, आणि त्याचं तरी काय चुकलं म्हणा. तिथं असंच चालतं. म्हणाला, "आजी, रागावल्या का? गेम आहे हो शेवटी. मी एक विचार केला. गाळा तुम्हीच चालवा."

मी वर बघितलं.

"म्हणजे भाड्यानं. दर आठवड्याला भाडं. दोर आपल्या कोठारातूनच घ्यायचा, आपण सांगू त्या भावानं विकायचा. अंबाडी परस्पर बाहेरून आणायची नाही. आत काही हलवायचं असेल तर आधी विचारायचं. आणि पाटी राहील तीच राहील."

मला हा सूर ओळखीचा वाटला. तो राहायला आला त्या दिवशी मीच त्याला याच ओसरीत खुर्चीत बसून सांगितलं होतं की भिंतीला खिळा ठोकायचा नाही, पाणी सकाळीच भरून ठेवायचं, पाहुणा मुक्कामाला नको, आणि अनामतीतून मोडतोडीचे कापले जातील. तो बॅग खांद्यावर घेऊन मान हलवत उभा होता. तेव्हा मला त्याची दया आली नव्हती. कशाला यावी, भाडेकरूच तो. आता मी खाटेवर बसून मान हलवत होते.

"सांगते," मी म्हटलं.

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा त्याला गाठलं. त्या महिन्यात वरच्या खोलीचा करार संपणार होता. अकरा महिन्यांचा असतो, मग पुन्हा करायचा. म्हटलं, "ह्याचा करार पुन्हा करू नगं. दुसरा बघ."

"का? काय केलं त्यानं?"

मी सांगितलं. सगळं. धक्का, फळी, पाटी. त्यानं मध्येच फोन बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"आई, गेममदल्या दुकानापायी भाडेकरू घालवू व्हय मी? लवळ्याच्या वाटंला किती खोल्या रिकाम्या पडल्यात बघितल्या का? ह्यो येळेवर पैसं टाकतोय, दारू न्हाई, कटकट न्हाई."

"घर माजंबी हाय न्हवं?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं म्हणाला, "हाय की. कोन न्हाई म्हणतंय? पण कागदावं मी हाय, तर निस्तरायचं मलाच."

कराराच्या दिवशी एजंट घरीच आला. हल्ली सगळं घरी येऊनच करतात. लॅपटॉप, त्याला जोडलेला छोटा कॅमेरा आणि अंगठा ठेवायचं काचेचं यंत्र. ओसरीत टेबल लावलं. मुलाचा अंगठा झाला, भाडेकरूचा झाला, दोघांचे फोटो झाले. सुनेनं चहा केला. एजंट म्हणाला, "साक्षीदार दोन लागतील. एक मी मित्राला आणलाय, दुसरा घरातला चालेल."

मुलगा म्हणाला, "आई हाय की. आई, ये, अंगठा दे. आईचं आधार कार्ड आण गं."

मला कळलं त्याला काय करायचं होतं. मला बरं वाटावं म्हणून. माझंही नाव कुठंतरी कागदावर यावं म्हणून. मी काठी टेकत उठले, टेबलापाशी आले, काचेवर अंगठा ठेवला.

लाल दिवा लागला. एजंट म्हणाला, "पदराला पुसा जरा, पुन्हा ठेवा."

पुसला. पुन्हा लाल. मग तर्जनी, मग डावा हात. तेल लावलं, पाणी लावलं. खाचरात चिखल उपसून, विळ्याच्या मुठी धरून बोटांवरच्या रेघाच गेल्यात माझ्या. काचेला काही दिसेचना. एजंट चांगला होता, पण त्याला अजून दोन ठिकाणी जायचं होतं.

"राहू द्या, आजी," तो म्हणाला. "वहिनी, तुम्ही या."

सुनेनं हात पुसले, बोट ठेवलं. हिरवा दिवा. झालं.

भाडेकरू कप बशीत ठेवून उठला. जाता जाता माझ्यापाशी थांबला आणि आवाज खाली करून म्हणाला, "आजी, त्या गाळ्याचं काय ठरवलंत? नाहीतर सांगलीवाला मागून राहिला."

मी पदरानं बोटांचं तेल पुसत होते. ते लवकर निघेना.

"भाडं किती म्हणालास?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं.

"जरा कमी कर," मी म्हटलं.

"नाही परवडत, आजी," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.